सारंगाचा बुधवार

मंगळवाराशी माझं काही वाकडं नव्हतं. शाळेत माझे सर्वांत जास्त तास मंगळवारी असायचे, तेवढीच काय ती तक्रार. वार, मुहूर्त, मांजर आडवं जाणं या सगळ्याचा मला लहानपणापासून तिटकारा आहे आणि इतिहास शिकवायला लागल्यापासून तो वाढतच गेला. अमुक राजा लढाई का हरला, याचं कारण एखाद्या मुलानं पेपरात ‘वेळ वाईट होती’ असं लिहिलं, की मी लाल पेनानं भलामोठा भोपळा काढते. तरी गेल्या वर्षापासून मंगळवारी दिवस कलला की माझी नजर घड्याळाकडे जाते. ती का जाते, हे सांगायचं तर एका ग्रीक माणसापासून सुरुवात करायला हवी.

माझा नवरा सारंग आहे. सारंग म्हणजे मालवाहू जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. नांगर टाकताना आणि उचलताना तो जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला उभा असतो आणि तो ‘ठीक’ म्हणेपर्यंत कप्तानालाही जहाज हलवता येत नाही. आमच्या श्रीवर्धन-दिघीकडच्या मुसलमान घरांत एक तरी माणूस आखातात नाहीतर दर्यावर असतोच, त्यात नवल काही नाही. आमचा माणूस मात्र वीसेक वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर होता आणि बहुतेक काळ एकाच कप्तानाच्या हाताखाली.

त्यामुळे ग्रीस आमच्या घरात आलं ते बॅगेतून. ऑलिव्हचं महागडं तेल आलं, ते माझ्या सासूनं, अम्मांनी, गुडघ्यांना चोळून संपवलं. नजर लागू नये म्हणून ते लोक वापरतात तो निळ्या डोळ्याचा मणी आला, तो अम्मांनी बकऱ्याच्या गळ्यात बांधला. बकरा नजरेपासून वाचला, ईदपासून काही वाचला नाही.

मग एकदा त्यांचं जहाज कोळसा घेऊन दिघी बंदराला लागलं आणि खुद्द कप्तान आमच्याकडे जेवायला आला. सोबत त्याचा मुलगा होता. तोही तेव्हा त्याच जहाजावर धाकटा अधिकारी होता. बाप आडव्या अंगाचा, पांढऱ्या मिशांचा. मुलगा लाजरा, सारखा मोबाइलवर सुपारीच्या वाडीचे फोटो काढणारा. माझी मुलगी तेव्हा लहान होती. तिला बघून कप्तानानं तीन वेळा थू-थू केलं, दृष्ट लागू नये म्हणून. मी चपापले. अम्मा मात्र खूश झाल्या. “हा आपल्यातलाच हाय गो,” म्हणाल्या आणि त्याच्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा पडला.

अम्मांचं औषध आयुष्यभर युनानी हकिमाचं. युनान म्हणजे याच माणसाचा मुलुख, असं मी सांगितलं मात्र, त्यांनी पाय पुढे करून गुडघ्याचं सगळं दुखणं त्याला सांगायला सुरुवात केली. मी इंग्रजीत अर्थ सांगत होते आणि तो गंभीरपणे मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, “माझेही गुडघे असेच दुखतात. तुमच्या हकिमाचा पत्ता मलाच द्या.”

मलाही चेव चढला. इतिहासाच्या मास्तरणीला ग्रीक पाहुणा रोज मिळत नाही. मी सांगितलं, की दोन हजार वर्षांपूर्वी मोसमी वाऱ्याचं तंत्र कळल्यावर त्याच्या लोकांची गलबतं याच किनाऱ्याला लागायची, आमच्या वरच्या अंगाला चौलला त्यांचं येणं-जाणं होतं, दारूचे रांजण उतरायचे आणि मिरी चढायची. घाटावरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे त्याच्याच लोकांनी, दिलेल्या खांबांवर त्यांची नावं अजून आहेत. तो ऐकत राहिला. “इतकी वर्षं आम्ही येतोय,” म्हणाला, “आणि जेवायला आज बोलावलंत?”

सगळे हसले. तिथं थांबायला हवं होतं. पण मी पुढं गेले आणि दहावी झालेल्या कुठल्याही मराठी माणसाला पाठ असलेलं वाक्य बोलून गेले: १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, व्यापाराचा मार्ग बंद झाला आणि युरोपियनांनी समुद्रमार्गाचा शोध सुरू केला. दोन गुणांचं कारण. वर्षानुवर्षं मी ते फळ्यावर लिहून पुसत आले होते.

कप्तानानं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

“मंगळवार होता,” तो म्हणाला.

आपल्या घरातलं कोणी गेल्यासारखा तो बोलत होता. त्या शहराचं नावही त्याचे लोक घेत नाहीत, नुसतं ‘शहर’ म्हणतात, इतकं ते त्यांचं होतं. ते मंगळवारी पडलं. तेव्हापासून मंगळवारी लग्न नाही, नव्या घरात पाऊल नाही आणि दर्यावर तर नाहीच नाही. त्याच्या बापानं, आजानं मंगळवारी नांगर उचलला नाही. त्यानंही नाही.

“कुणी घेतला ता शहर?” अम्मांनी विचारलं. मी त्याचा अर्थ सांगितला नाही. पण त्याला तो कळला असावा, कारण तो अम्मांकडे बघून मिशीत हसला.

“पण तुमच्या कंपनीला चालतं?” मी विचारलं. बंदरात उभ्या जहाजाचा खर्च किती असतो, हे सारंगाच्या बायकोला ठाऊक असतं.

तेव्हा त्यानं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. “सारंग, उद्या मंगळवार. नांगराचा ब्रेक कसा असेल?”

“उद्या बिघडेल, कप्तान,” आमचा माणूस शांतपणे म्हणाला.

इतकी वर्षं संसार करून मला हे त्या दिवशी कळलं. सोमवार सरत आला, की सारंग नांगराच्या यंत्रात काहीतरी खोट काढायचा. मंगळवारी दिवसभर ती दुरुस्त व्हायची. मंगळवारी रात्री घड्याळाचा काटा बारावर गेला, की कप्तान वरून विचारायचा, “सारंग?” आणि सारंग म्हणायचा, “ठीक.” मग नांगर निघायचा. मालकांच्या ऑफिसात त्या यंत्राचं नाव इतकं बद्दू झालं होतं, की ते बदलायला माणसं धाडली होती. नवीन यंत्रही मंगळवारीच आजारी पडायला लागलं.

मुलगा खाली मान घालून हसत होता. त्याला बापाच्या या खुळाची लाज वाटत होती, हे मला दिसलं आणि मनातून मी त्याच्याच बाजूची होते.

निघताना आम्ही धक्क्यापर्यंत पोचवायला गेलो. खाडीपलीकडे आगरदांड्याहून सुटलेली फेरीबोट गाड्या घेऊन येत होती. कप्तानानं माझ्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, “मी आता थोडीच वर्षं. मग याला जहाज मिळेल. तू याच्याबरोबर राहा. याला मंगळवार आठवत नाही. तू आठवण ठेव.” आमच्या माणसानं छातीवर हात ठेवला आणि कबूल केलं.

मला ते आवडलं नाही. दुसऱ्याच्या मुलाची राखण अशी धक्क्यावर उभ्याउभ्या पत्करू नये, असं मला वाटलं आणि घरी येताना मी ते बोलूनही दाखवलं. “मंगळवारची तर गोष्ट,” तो म्हणाला, “ब्रेक बिघडवायला काय लागतं?”

पुढे सगळं तसंच झालं. बाप निवृत्त होऊन त्याच्या बेटावर गेला. मुलगा कप्तान झाला आणि आमचा सारंग त्याच्याबरोबर गेला. मुलाचा मंगळवारावर विश्वास नव्हता, पण बापाला दुखवायची छाती नव्हती. तो सारंगावर सगळं सोडून मोकळा झाला. ब्रेक बिघडत राहिला.

मग लाल समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले. आमच्या गावात टीव्हीवर बातमी लागली, की बायका हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. कुणाचा दीर, कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा त्याच पाण्यात. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मासळी घेताना, दळण टाकताना, “फोन आयला का?” एवढंच विचारायचं आणि उत्तर मिळायच्या आत पुढं जायचं. मला तेव्हा रागच यायचा सगळ्यांचा. आता कळतं, की ती भीती होती आणि ती माझीही होती.

त्यांचं जहाज सुएझचा कालवा उतरून खाली नांगरावर उभं होतं. पुढे तोच समुद्र. मंगळवार होता. ऑफिसातून सकाळपासून फोनवर फोन येत होते, की लगेच निघा, आत्ताच मोकळं आहे, नंतरचं सांगता येत नाही. ब्रेक अर्थातच बिघडलेला होता. पण या खेपेला मालकांचा माणूस फोनवरून ओरडत होता आणि पोरसवदा कप्तान बापाची श्रद्धा आणि मालकाची घाई यांच्यात अडकला होता. हे सगळं मला नंतर कळलं.

त्या रात्री माझा फोन वाजला. आमच्याकडे इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज होऊन गेली होती, तिकडे सूर्य नुकता बुडाला होता. मी भाकऱ्या झाकून ठेवत होते. त्याचा आवाज आनंदी होता.

“निघालो गो,” तो म्हणाला. “मालक पन खूश, म्हातारा पन खूश.”

“आज? आज मंगळवार आहे ना?”

“मगरिब झाली. मी नमाज पढलो, पुढं गेलो नि कप्तानाला सांगितलं, बुधवार लागला. ब्रेक ठीक. तो हसला. म्हनाला, सारंग, तू बोलशील ता खरा.”

आमच्या घरांत दिवस सूर्यास्ताला बदलतो. चांद दिसला की ईद लागते, सकाळची वाट कुणी बघत नाही. गुरुवारची रात्र आम्हाला जुम्म्याची रात्र असते. अम्मा तर मगरिबनंतर ‘आज’ म्हणाल्या की समजायचं, उद्याबद्दल बोलतायत. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पंचांगवाल्या बाईंचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, हजेरीपटाचा रात्री बाराला आणि माझा मगरिबला. आम्ही यावर कितीदा थट्टा केली आहे. माझ्या नवऱ्यानं फसवाफसवी केली नव्हती. अंधार पडता पडता त्याला खरोखरच बुधवार लागला होता. तो जन्मभर असाच दिवस मोजत आला होता.

पण जो मंगळवार मोजायचा होता, तो दुसऱ्याचा होता. माझ्या जिभेवर आलंच ते. “अहो, पण त्यांच्यात बारा वाजल्यावर...”

पलीकडे साखळी वर येत असल्याचा खडखडाट सुरू झाला होता. त्याला माझं ऐकू गेलं नाही. “काही दिवस फोन लागनार न्हाय,” तो ओरडून म्हणाला. “या पान्यात सगळा बंद ठेवतात. घाबरू नको.” आणि फोन कटला.

मी भाकऱ्यांवरचं फडकं पुन्हा सारखं केलं. अम्मांनी विचारलं, “निघाला?” मी म्हटलं, “निघाले.” “बुध लागला म्हंजे,” त्या म्हणाल्या आणि तसबीहची माळ ओढायला लागल्या. मला स्वतःचाच संताप आला. भोपळे देणारी मी, मला एकाएकी वाराची पडावी? मी स्वतःला बजावलं, की शहर पडलं ते तोफांनी आणि तटबंदी अपुरी पडल्यानं. वार कुठला का असेना. तरी त्या क्षणापासून काहीतरी चुकलंय ही जाणीव घरात येऊन बसली ती उठेना.

बुधवार गेला. गुरुवार गेला. त्याच दिवसांत किनाऱ्यावर डांबराच्या काळ्या गोळ्या लागल्या. पाऊस लागला की त्या दरवर्षी लागतात, लांब समुद्रात कुठल्यातरी जहाजानं टाकलेलं तेल असतं ते. एरवी पोरं त्यात पाय भरवून घेतात आणि आया रॉकेलनं ते घासत बसतात. त्या वर्षी मी किनाऱ्याकडे पाठ करून शाळेत जात होते. वर्गात मी मुलांना दोन वेळा तोच धडा शिकवला आणि मुलांनी दोन्ही वेळा तो लिहून घेतला.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटल्यावर गावातल्या पुरुषांच्या व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. जहाज जळत होतं. मागच्या बाजूची, कप्तान उभा राहतो ती मजल्यांची इमारत वरून अर्धी नाहीशी झाली होती. नाव दिसत नव्हतं. तो फोटो मला कुणी पाठवला नाही, यावरूनच मी ओळखलं. शेजारीण दारात आली, उभी राहिली, साखर मागितली आणि साखर न घेताच गेली. मी तिच्यामागून गेले आणि तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

जहाजाच्या पुढच्या टोकाकडे मी बोटांनी मोठं करून करून पाहिलं. सारंग तिथं उभा असतो. ते टोक शाबूत होतं. मी स्वतःला सांगितलं, की तो तिथंच असेल, तिथंच असायला हवा. मग वाटलं, नांगर तर केव्हाच वर आला, आता तो तिथं कशाला असेल? मी शेजारणीच्या ओट्यावर बसले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं, ते मला आठवत नाही. अम्मा सांगतात, की मी वह्या तपासत होते.

शनिवारी दुपारी एका परक्या नंबरावरून फोन आला. “मी हाय,” तो म्हणाला. मी रडले नाही, मी त्याच्यावर खेकसले, की इतका वेळ कुठं होता. तो म्हणाला, “कप्तान गेला.”

माझा नवरा पुढच्या टोकालाच होता. सैल झालेली एक साखळी आवळायला कप्तानानंच त्याला पाठवलं होतं. म्हणून वाचला. एका कानानं ऐकू येणं बंद झालं, हातावर भाजलं, बाकी धडधाकट. मुंबईहून माणगावमार्गे भाड्याच्या गाडीनं घरी आला, तेव्हा गाव लोटलं होतं. लोकांनी मला मुबारक म्हटलं. मीही अल्लाहचा शुक्र मानला. माझा माणूस परत आला, असं मला त्या दिवशी खरंच वाटलं.

पण तो आला नव्हता. जेवायला हाक मारली की जेवायचा, झोप म्हटलं की आडवा व्हायचा. मगरिबची अजान झाली की मात्र त्याचं सगळं अंग ताठ व्हायचं. मशिदीत जाणं त्यानं बंद केलं. ओटीवर बसून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. एकदा मला म्हणाला, “चार-पाच तास उशिरा निघालो असतो तर ता जहाज त्या टायमाला भलतीकडंच असता.” वार हे खूळ आहे, असं मी सांगू शकले असते. तास हे खूळ नव्हतं. हिशेब बरोबर होता.

“तो म्हनाला, सारंग, तू बोलशील ता खरा,” एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगायचा. “म्हाताऱ्यानं मना राखायला दिला होता. मना.”

डॉक्टर झाले. हकीम झाले. अम्मांनी दुआ फुंकून दम केलेलं पाणी आणलं. तो दिवसेंदिवस वाळत चालला आणि मला तो फोटोतल्या जहाजासारखा दिसायला लागला, पुढून शाबूत. मला खरीखुरी भीती वाटायला लागली. वाडीत विहीर आहे. तो वाडीत गेला की मी काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायचे.

आणि त्यात ते फोन सुरू झाले. ग्रीसचा नंबर. म्हाताऱ्या कप्तानाचा. फोन वाजला की माझा नवरा घराबाहेर जायचा. वाजून वाजून थांबायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजायचा. म्हातारा काय विचारणार, हे मला ठाऊक होतं. कुठल्या वाराला निघालात? नांगराला ‘ठीक’ कोण म्हणालं? त्यानं तसं विचारलं असतं, तर माझा माणूस त्यातून उठला नसता. मी तो नंबर बंद करून टाकायचं ठरवलं होतं. पण मुलगा गेलेल्या बापाचा नंबर बंद करायला बोट धजेना.

एका दुपारी फोन वाजला, तेव्हा तो जेवत होता. हात खरकटा, उठेपर्यंत वेळ लागला. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याचा गळाच धरला आहे.

“सारंग?” पलीकडून आवाज आला. आवाज खूप म्हातारा झाला होता.

मीच म्हटलं, “आहेत. ऐकतायत.”

“सारंग, निघताना मुलानं मला कळवलं होतं. त्या संध्याकाळी सूर्य बुडाला होता ना?”

“बुडाला होता, कप्तान.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“मग बुधवार होता,” म्हातारा म्हणाला. तो एकेक शब्द सावकाश बोलत होता, घोकून आल्यासारखा. “आमच्या देवळातही असंच आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला दुसरा दिवस लागतो. पाद्री तसंच सांगतो. तू बरोबर मोजलंस. माझा मुलगा बुधवारी निघाला. ऐकतोयस ना, सारंग? बुधवारी.”

“हो, कप्तान,” माझा नवरा म्हणाला. जहाजाच्या टोकावरून तो ज्या आवाजात उत्तर देत असेल, त्याच आवाजात.

म्हाताऱ्यानं अम्मांच्या गुडघ्याची चौकशी केली. मग फोन ठेवला.

याचा हात तसाच ताटावर होता, भात सुकलेला. मला वाटलं, आता सुटला हा. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्याला दिसला नाही.

“वीस वर्सं,” तो म्हणाला, “वीस वर्सं बारा वाजल्याबिगर त्यानं मना कदी नांगर उचलू दिला न्हाय.” आणि परत आल्यापासून पहिल्यांदाच तो रडायला लागला.